इंग्लिश जमीनदार पूर्वज शोधायचाय? मृत्युपत्र धरा
आमच्या कोल्हापूरकडं हेळवी दारात येतो, वही उघडतो आणि पिढ्या वाचून दाखवतो. इंग्लंडमधे ती वही चर्चची. 1538 मधे बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचा हुकूम निघाला, पण सगळ्या गावांच्या वह्या टिकल्या नाहीत, मग बिशपकडं पाठवलेली नक्कल बघायची. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर बरंच फुकट मिळतंय.

पण खरा खजिना मृत्युपत्रात बघा, कारण जमीनवाला माणूस जावई, नातवंडं, बहिणी, कुठलं रान कुणाला सगळं लिहून जातो, एका कागदात तीन पिढ्या सापडतात. 12 जानेवारी 1858 च्या आधी मृत्युपत्र मंजूर करायचं काम चर्चच्या कोर्टात चालायचं, मोठ्या घराण्यांचं बऱ्याचदा कँटरबरीच्या कोर्टात, ते कागद आता लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमधे आहेत, प्रॉब 11 (PROB 11) या सिरीजमधे शोधा. लग्न झालेल्या बाईचं मृत्युपत्र सहसा मिळत नाही, ती बापाच्या नाहीतर भावाच्या कागदात सापडते.

तारखा मात्र नीट बघा हं, 1752 च्या आधी तिकडं वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणजे फेब्रुवारी 1700 लिहिलं असेल तर ते आपलं 1701. हे विसरलं की पोरगं आईबापाच्या लग्नाआधीच जन्मलेलं दिसतंय आणि आपण भलतंच घराणं शोधत बसतो.

पूर्वज मुंबई इलाख्यात नोकरीला असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याचे, रेकॉर्ड पण बघा.