धुऱ्यावर चाराचं झाड लावताना

पुतण्याने हिमाचलहून अक्रोडाचं रोप आणलं होतं. हिवाळाभर टिकलं, मे महिन्यात उभ्या उभ्या वाळलं. अक्रोडाला कडाक्याची थंडी लागते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या नागभीडला ती कुठून आणायची? घरचा सुकामेवाच हवा असेल तर आपल्या झाडीपट्टीत चाराचं झाड आहे ना! बाजारात सुकामेवा म्हणून विकतात ती चारोळी याच झाडाची. आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं हे झाड.

सगळं गणित बियाण्याचं आहे. मी पहिल्यांदा चुकलो तो इथेच. बिया डब्यात भरून ठेवल्या आणि पुढच्या वर्षीच्या मृगात पेरल्या. एकही उगवली नाही. चाराच्या बीची उगवण फार लवकर जाते, म्हणून त्याच हंगामातली ताजी बी हवी. चारं एप्रिल-मे महिन्यात पिकतात. हिरवी नको, काळी झालेलीच घ्या. आमच्याकडे सोपी युक्ती आहे: पोट्ट्यांना चारं खायला द्यायची आणि बिया टोपल्यात थुंकायला सांगायचं. गर चाटूनपुसून साफ! उरलेली चारं रात्रभर भिजवून गोणपाटावर चोळायची. मग बिया पाण्यात टाकायच्या. तरंगतील त्या फेका, बुडतील त्या ठेवा.

रोप पिशवीत करू नका, असं मी म्हणतो. मुळी सरळ खाली जाते, पिशवीत ती वेटोळं घेते आणि पुढे झाड रोडावतं. उन्हाळ्यातच दोन-दोन फुटांचे खड्डे करून ठेवायचे, त्यात माती-शेणखत भरायचं आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर खड्ड्यात तीन-चार बिया बोटाच्या पेराइतक्या खोल टोचायच्या. कवच टणक असल्याने उगवायला वेळ लागतो. महिनाभर तरी उकरून बघू नका (आमची आई रोज बघायची). शेवटी एकच जोमदार रोप ठेवायचं. दोन झाडांत तीस फूट अंतर हवं.

जागा मुरमाड, निचऱ्याची. धानाच्या बांधीत (खाचरात) पाणी साचतं, तिथे नको, धुरा म्हणजे शेताचा बांध चालतो. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी आणि पळसाच्या फांद्यांची सावली द्या. बकऱ्यांपासून जपायला काटेरी कुंपण लागतंच.

सावली भरपूर मिळते. लाकडाची मात्र आस धरू नका, ते हलकं असतं; इमारती लाकडासाठी सागवानच लावा. बियांपासून वाढवलेलं झाड फळाला आठ-दहा वर्षंही घेतं. घाई असेल तर कलम शोधा. गुजरातेत गोध्र्याच्या केंद्राने 'थार प्रिया' नावाची जात काढली आहे.

चारं उतरवताना फांद्या तोडू नका. जंगलातली झाडं अशीच खलास होताहेत.

फोडायचं काम आईचं. जात्याच्या खुंट्यावर कापडाची चकती ठेवून ती वरची तळी जराशी उचलते. तळी टेकली की चारोळीचा चुराच. बरोबर उचलली तर कवचाची दोन शकलं होतात आणि दाणा अख्खा सुटतो. मग सुपात पाखडायचं. सोललेली चारोळी तेलकट, लवकर खवट होते. म्हणून आम्ही बिया कवचासकट मडक्यात ठेवतो आणि खीर करायची त्या दिवशी ओंजळभर फोडतो.