तासाची शेवटची सात मिनिटं

पुस्तक ज्वालामुखीवरचं होतं. चाळीसेक पानांचं, चित्रांनी भरलेलं. सहावीतल्या एका मुलाने ते आठवडाभर घरी ठेवलं आणि वाचनवहीत लिहून आणलं : 'या पुस्तकातून आपण नेहमी खरे बोलावे असा बोध मिळतो.' मी त्याला जवळ बोलावलं. 'अरे, ज्वालामुखीत खरं बोलण्याचं कुठून आलं?' तो अगदी सरळपणे म्हणाला, 'बाई, शेवटी बोध लिहायचा असतो ना.'

त्याने पुस्तक वाचलेलं होतं. बाराव्या पानावरची लाव्हाची नदी त्याने न शोधता उघडून दाखवली, तापमानाचे आकडे घडाघडा सांगितले. मग वहीत त्यातलं काहीच का उतरलं नाही? कारण फळ्यावर दर आठवड्याला मीच लिहीत होते : 'या पुस्तकातून तुम्ही काय शिकलात?' असल्या प्रश्नाला कुठलं उत्तर चालतं, हे मुलांना फार लवकर कळतं.

मी शाळेत ग्रंथपाल आहे. आठवड्याला अकरा वर्गांचे वाचनतास घेते. त्या दिवसानंतर माझ्या तासांत जे बदलत गेलं ते इथे लिहिते आहे. गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनीही यातलं बरंच आपापल्या वर्गात करून पाहिलं आहे. मुलांनी स्वतःचा विचार करावा असं वाटत असेल, तर त्यांना रिकामा वेळ द्यावा लागतो आणि तेवढा वेळ आपल्याला गप्प बसावं लागतं. यातलं दुसरं जास्त अवघड जातं.

आधी वेळ काढा

माझा तास पस्तीस मिनिटांचा. पूर्वी देवघेव शेवटी ठेवायचे. घंटा व्हायची वेळ आली की टेबलाभोवती झुंबड, कुणाची नोंद राहिली, कुणाचं पुस्तक सापडत नाही, आणि मुलं धावतच बाहेर. आता देवघेव पहिल्या दहा मिनिटांत उरकते. मधला वेळ वाचनाचा. अठ्ठाविसाव्या मिनिटाला मी नोंदवही मिटते. ती मिटली की पुस्तकं मिटायची आणि विचारवह्या, म्हणजे वाचलेल्यावर मनात येईल ते लिहायच्या वह्या, उघडायच्या, हे मुलांच्या अंगवळणी पडलं आहे. सांगावं लागत नाही.

ही सात मिनिटं दुसऱ्या कशालाच द्यायची नाहीत. सूचना नाहीत, राहिलेलं काम नाही. पहिले दोन-तीन आठवडे मुलं खिडकीबाहेर बघतील, पेन्सिलीला टोक करत बसतील. करू द्या. कोऱ्या पानासमोर बसायची सवय त्यांना कुणी लावलेलीच नसते.

ज्याला लिहायला जड जातं त्याने चित्र काढावं, किंवा मला सांगावं. मी लिहून घेते. मात्र लिहून घेताना त्याचेच शब्द, त्याच क्रमाने. एकही शब्द सुधारायचा नाही. एक मुलगा एका गोष्टीबद्दल म्हणाला होता, 'त्या मुलीची आई वाईट नाही, तिला घाई आहे.' मी ते 'आई कामात व्यग्र असते' असं लिहिलं असतं तर सगळंच हातचं गेलं असतं.

प्रश्न बदला

'काय शिकलास' हा प्रश्न मी बंद केला. त्याच्याऐवजी फळ्यावर एकच प्रश्न असतो आणि तो दर आठवड्याला बदलतो. कुठल्या पानावर थांबलास? कोणतं वाक्य दोनदा वाचावं लागलं? लेखकाचं काय पटलं नाही? यांतला सगळ्यात कामाचा प्रश्न मला उशिरा सुचला : 'कुठे कंटाळा आला?' कंटाळ्याबद्दल बाईंनी स्वतःहून विचारलं म्हटल्यावर मुलांना खरं लिहायला मोकळीक मिळते. आणि कंटाळा का आला हे लिहिता लिहिता मूल आपसूक लेखनाच्या बांधणीबद्दल बोलू लागतं : 'पाच पानं झाली तरी कुणी घराबाहेर पडतच नाही.'

हार्वर्ड विद्यापीठात १९६७ साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट झीरो या संशोधन गटाने वर्गासाठी अशा छोट्या छोट्या रीती तयार केल्या आहेत. त्यातल्या दोन मी सतत वापरते. चित्रासमोर बसवून आधी 'काय दिसतं', मग 'काय वाटतं', मग 'काय प्रश्न पडतो'. हा क्रम मोडायचा नाही, कारण मुलं (आणि मोठेही) नीट बघायच्या आधीच अर्थ लावून मोकळी होतात. दुसरी रीत म्हणजे एक अर्धं वाक्य : 'आधी मला वाटायचं..., आता वाटतं...' नवा घटक संपला की विज्ञानाच्या तासाला हे फार चांगलं चालतं. गणितात आमचे सर विचारतात, 'कुठे अडलास आणि तिथून कसा सुटलास?' उत्तर चुकलेल्या मुलालाही यावर लिहिण्यासारखं असतं.

मग गप्प बसा

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून १९७०च्या दशकात एक गोष्ट दाखवून दिली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हाच थांबा तीन सेकंदांचा किंवा जास्त केला, की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात आणि 'माहीत नाही' कमी होतं. थांबायचं दोनदा असतं : एकदा आपल्या प्रश्नानंतर, आणि एकदा मुलाच्या उत्तरानंतर. दुसरा थांबा आपण हमखास विसरतो. मुलाचं वाक्य संपताच 'छान!' म्हणतो, आणि तो पुढे जे बोलणार होता ते तिथेच राहून जातं.

तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गात उभं राहून मोजून बघा. मी तळहात टेबलावर टेकवते आणि बोटं एकेक करून उचलते. पाचही बोटं वर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा नेम केला आहे. सुरुवातीला मुलंच अस्वस्थ झाली. आपलं उत्तर चुकलं असं त्यांना वाटलं. म्हणून सरळ सांगून टाकलं, 'मी गप्प आहे म्हणजे ऐकते आहे.'

पुढच्या वाचकाला चिठ्ठी

मूल आपला विचार मांडतं, वही बंद होते, कपाटात जाते. असं दोनचार वेळा झालं की त्याला कळतं, हे कुणासाठीच नाही. म्हणून पुस्तकाच्या मागच्या कव्हराला आतून कागदाचा खिसा चिकटवला. पुस्तक परत करताना वाटलं तर त्यात चिठ्ठी ठेवायची, पुढे जो वाचेल त्याच्यासाठी. शेवट फोडायचा नाही. नाव लिहायची गरज नाही. पान क्रमांक मात्र लिहायचाच, म्हणजे बोलणं पुस्तकाला धरून राहतं. चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग उत्तरासाठी कोरा ठेवायचा.

पक्ष्यांवरच्या एका पुस्तकातल्या चिठ्ठ्या माझ्यासमोर आहेत. पहिली : 'पान ४१. घुबडाचे डोळे फिरत नाहीत म्हणून ते मान वळवतं. मी आरशासमोर डोळे न हलवता इकडे तिकडे बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात : 'मला जमलं पण मान दुखली.' आणि वेगळ्या कागदावर, बारीक अक्षरात, तिसऱ्या कुणाचं तरी : 'माणसाच्या मानेत सात मणके, घुबडाच्या मानेत चौदा. खालच्या फळीवरच्या हाडांच्या पुस्तकात बघा.' या तिसऱ्या मुलाला खालच्या फळीकडे मी पाठवलेलं नव्हतं. कुणाची तरी मान दुखली होती, त्याचं कारण शोधत तो स्वतःच तिथे गेला.

खिसे फाटतात, चिठ्ठ्या हरवतात, कधी कुणी फालतू काही लिहितं. महिन्यातून एकदा मी चाळून घेते. एखाद्याला दुखावणारं असेल तेवढंच काढते. अशुद्ध लेखन तसंच राहतं.

कपाट मुलांना लावू द्या

नवनिर्मिती म्हटलं की आपण रंगीत कागद आणि गोंद काढतो. मला यापेक्षा वीस पुस्तकांचा ढीग जास्त उपयोगी पडला आहे. वेगवेगळ्या विषयांची वीस पुस्तकं चार-पाच मुलांच्या गटाला द्यायची आणि सांगायचं, 'तुमच्या पद्धतीने लावा. पण पद्धत दुसऱ्या गटाला समजावता आली पाहिजे.'

पहिल्यांदा रंग, उंची, जाडी असंच होतं. तिथे थांबवू नका. 'आता दुसरी पद्धत' म्हणा, मग तिसरी. कल्पनांचं असंच असतं. आधी येतात त्या सगळ्यांनाच सुचतात, आणि निराळ्या कल्पना बहुतेकदा नंतर, आधीच्या संपल्यावर येतात. सर्जनशीलतेवर झालेल्या प्रयोगांतही हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. माझ्याकडे चौथ्या फेरीला 'झोपताना वाचू नये अशी', 'आजोबांना वाचून दाखवायची', 'अजून कुणीच न उघडलेली' असे गट निघाले. शेवटच्या गटाची पुस्तकं त्या आठवड्यात सगळी घरी गेली.

मग वाद सुरू होतो, आणि त्यासाठीच तर हा खटाटोप. पक्ष्यांवरच्या कवितांचं पुस्तक कुठे ठेवायचं? पक्ष्यांत की कवितांत? ग्रंथालयांत पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्यासाठी वापरली जाणारी ड्यूईची दशांश पद्धत मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली मांडली. तिच्यात पक्षी ५९८ला आणि साहित्य ८००च्या वर्गात, म्हणजे एकमेकांपासून बरेच लांब. हे मुलांना मी वादाच्या आधी सांगत नाही, नंतर सांगते. स्वतः भांडून झाल्यावर त्या आकड्यांमागची अडचण त्यांना नेमकी कळते. त्या दिवशी सात मिनिटांसाठी प्रश्न असतो : 'कोणत्या पुस्तकाने तुमची पद्धत मोडली?'

प्रकल्प आणि मधला गोंधळ

विषय दिला, मुलं माहिती शोधायला लागली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरे उतरतात. 'बाई, विषय बदलू का?' ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरल कुलथाउ यांनी १९८०च्या दशकात विद्यार्थ्यांसोबत काम करून याच गोष्टीची मांडणी केली : विषय ठरला की हुरूप येतो, पण माहिती हाताशी येऊ लागते तसा गोंधळ आणि शंका वाढतात, आपल्याला नेमकं काय शोधायचं आहे हे उमगलं की मग आत्मविश्वास परततो. मी हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. आणि वहीत एक 'गोंधळाचं पान' ठेवायला लावते. विषय बदलायचा असेल तर आधी ते पान भरायचं : काय जुळत नाही, कोण काय वेगळं सांगतं आहे. बहुतेकांना त्या पानावरच खरा प्रश्न सापडतो.

तारे देऊ नका

ही चूक मी स्वतः केली आहे म्हणून कळकळीने सांगते. मुलं छान लिहितात हे बघून मला उत्साह आला आणि मी विचारवह्यांना तारे द्यायला लागले. एक, दोन, तीन. तीन आठवड्यांत अक्षर सुधारलं, समास रंगले आणि मजकूर सगळा सारखा झाला. महिन्यापूर्वी जिने 'हे पुस्तक मी अर्ध्यात सोडलं कारण सगळे फार शहाण्यासारखे बोलतात' असं लिहिलं होतं, ती मुलगी येऊन विचारू लागली, 'बाई, तीन तारे मिळायला काय लिहू?' त्या दिवशी तारे बंद केले. जुना मोकळेपणा परत यायला मात्र पूर्ण सत्र गेलं.

मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला पुढे वाचायला मिळाला. काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांची गोडी टिकली आणि काम सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही दिले की शेऱ्याचा फायदा उरला नाही.

आता मी पेन्सिलीने खाली एकच प्रश्न लिहिते, तोही मला खरोखर जाणून घ्यायचा असेल तरच. नसेल तर नुसती तारीख टाकते, म्हणजे वाचल्याचं कळतं. दर आठवड्याला प्रत्येक वर्गाच्या आठच वह्या वाचते. याहून जास्त वाचायला गेलं की नजर फक्त फिरते. मुलाने खासगी म्हणून घडी घातलेलं पान मी उघडत नाही. आणि उघड्या पानावर कुणी आपल्याला त्रास होत असल्याचं लिहिलं, तर ते मी पोटात ठेवणार नाही, मदत करू शकेल अशा मोठ्या माणसाला सांगेन, हेही पहिल्याच दिवशी सांगून ठेवते.

सत्र संपताना एक तास नवं काही लिहायचं नाही. आपलीच जुनी पानं वाचायची आणि ज्यावर आज काही म्हणायचं आहे त्या पानाखाली दुसऱ्या रंगाने लिहायचं. ज्वालामुखीवाल्या मुलाने आपलं ते 'खरे बोलावे'चं पान काढलं. बराच वेळ बघत बसला. वहीत काहीच लिहिलं नाही. उठून कपाटाशी गेला, ते पुस्तक शोधलं आणि मागच्या खिशात चिठ्ठी ठेवली : 'पान १२. लाव्हा किती गरम असतो ते दिलंय. पण मोजलं कसं? थर्मामीटर वितळला नाही का?'

खालचा अर्धा भाग अजून कोरा आहे. पुस्तक मी दर्शनी फळीवर, मुलांचा हात पोचेल असं ठेवलं आहे.