नदीकाठचा लाकडी धक्का पुन्हा बांधण्याआधी

नेरळजवळ उल्हास नदीला लागून असलेल्या आमच्या वाडीत आम्ही एका फेब्रुवारीत १२ फूट लांब आणि ५ फूट रुंद असा लहानसा लाकडी धक्का बांधला, आणि त्याच वर्षी जुलैत आलेल्या पहिल्या मोठ्या पुरानंतर त्याचे फक्त खांब आणि तुळया उरल्या. येत्या हिवाळ्यात तो पुन्हा बांधायचा आहे. राहायचे दादरला आणि काम करायचे शनिवार-रविवारी, त्यामुळे एखादी वस्तू विसरली की सबंध आठवडा जातो. म्हणून तयारी आधीच लिहून ठेवते आहे.

सर्वांत आधी तेच, जे मागच्या वेळी आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नाही: लाकूड तरंगते. धक्क्यावर किती माणसे उभी राहतील, तुळई वाकेल का, खांब खचेल का, असा खाली दाबणाऱ्या वजनाचा विचार आम्ही पुष्कळ केला. पाणी फळ्यांच्या वर चढले की त्याच फळ्या वर जाऊ पाहतात, याचा विचार केला नाही. पूर ओसरल्यावर पाहिले तेव्हा तुळयांवर खिळ्यांची भोके दोन-दोनच्या ओळीने दिसत होती आणि एकाही भोकाचा काठ फाटलेला नव्हता. आमच्या सुतारकाकांनी त्यातल्या एका भोकात आगपेटीची काडी सरळ उभी केली आणि म्हणाले, “ताई, पाण्यानं हे ढकललेलं नाही, उचललंय.” प्रवाहाने आडवे ढकलले असते, तर खिळे वाकले असते आणि तुळईला चिरा गेल्या असत्या. येथे खिळे जसे ठोकले होते तसेच उपसून निघाले होते.

हिशेब अवघड नाही. एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे २८ किलो आणि एक घनफूट सुक्या सागाचे सुमारे १८ किलो, म्हणजे पूर्ण बुडालेल्या सागाच्या प्रत्येक घनफुटामागे साधारण १० किलोचा जोर वरच्या दिशेने लागतो. आमच्या दीड इंची फळ्या साडेसात घनफूट भरत होत्या. म्हणजे धक्का बुडाल्यापासून ७५ किलोचा जोर त्यांना खालून सतत उचलत होता, आणि फळ्यांखाली घुसणारा प्रवाह व तेथे अडकलेल्या फांद्या यांचा जोर त्याहून निराळा. त्यात आम्ही फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून बसवल्या होत्या. फेब्रुवारीत सुकलेले लाकूड जुलैत फुगले, उरल्यासुरल्या फटी बुजल्या आणि सगळ्या फळ्यांचा मिळून एकच तराफा झाला.

आता क्रमाने. परवानगीचे काम पावसाळ्यातच सुरू करावे. सातबारा आपल्या नावावर असला तरी नदीचे पात्र आपले नसते; महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार ते शासनाचे असते. त्यामुळे तलाठी कार्यालयापासून सुरुवात करावी आणि पाटबंधारे खात्याकडून पूररेषा विचारून घ्यावी. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. काठावरचा धक्का निळ्या रेषेच्या आतच येणार, हे गृहीत धरूनच अर्ज लिहावा आणि लेखी उत्तर हातात आल्याशिवाय लाकडाला पैसे देऊ नयेत.

उंची ठरवताना नदीचे उन्हाळ्यातले रूप पाहून फसू नये. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सोडलेले पाणी पेज नदीतून उल्हासात येते, त्यामुळे आमच्याकडे मे महिन्यातही पात्र वाहते आणि एकाच दिवसात पातळी वरखाली होते. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तिन्ही वेळी खुणेची काठी रोवून माप घ्यावे. पुराची खूण मात्र झाडांवर शोधावी. फांद्यांत अडकलेले वाळके गवत आणि प्लास्टिकच्या चिंध्या कोणत्याही नकाशापेक्षा स्पष्ट सांगतात. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा नदीवर धक्का पुराच्या वर राहील इतका उंच बांधण्याचा विचार सोडून द्यावा. तो बुडणारच आहे, आणि बुडेल तेव्हा तरंगू लागेल. लाकूड तरंगते, हे येथे पुन्हा लिहिते, कारण उंची ठरली की आपण निश्चिंत होतो आणि नेमके तेव्हाच हे विसरले जाते.

लाकूड सागाचे, गाभ्याचे, पांढरट भाग नसलेले आणि पूर्ण वाळलेले घ्यावे. खांबांसाठी ऐन चालेल. मुंबईत रे रोडच्या बाजूच्या वखारींत निवडून घेता येते, पण घनफुटाचा हिशेब आपण स्वतः मांडून न्यावा आणि प्रत्येक फळी उलटून पाहावी.

खिळे अजिबात आणू नयेत. पातळ पट्ट्या तात्पुरत्या धरून ठेवण्यासाठीसुद्धा नकोत, कारण हाताशी असले की सुतार ते वापरतो आणि आपण मुंबईत असतो. त्याऐवजी अर्ध्या इंचाचे, जस्ताचा मुलामा दिलेले, फळी आणि तुळई यांच्या आरपार जाणारे बोल्ट घ्यावेत. त्यांची लांबी फळी, खालची आडवी पट्टी, तुळई, दोन वॉशर आणि नट एवढी सगळी जाडी मोजून ठरवावी. तुळईच्या खाली ३ इंची चौकोनी लोखंडी पट्टीचा वॉशर हवा, नाहीतर बोल्टचे डोके ओल्या लाकडात रुतते. नट वरच्या बाजूला, फळीत केलेल्या खळग्यात बसवावा, म्हणजे पाण्यात न उतरता तो सोडवता येतो. नागदेवी स्ट्रीटवर हे सगळे एका फेरीत मिळते. हव्यात त्यापेक्षा एक डझन बोल्ट जास्त घ्यावेत, आणि ग्रीसचा डबा विसरू नये.

खांबांची जागा ठरवण्याआधी दर दोन फुटांवर पहार ठोकून तळ पाहावा, कारण आमच्याकडे वाळूखाली लगेच काळा दगड लागतो आणि तेथे खांब हातोड्याने खाली जात नाही. खड्डा घेऊन काँक्रीटच करावे लागते. खांबाची निदान एक तृतीयांश लांबी जमिनीत असावी. खांबही लाकडाचाच असतो, म्हणून त्याच्या बुडाशी आडवे भोक पाडून त्यातून लोखंडी सळई घालावी आणि ती काँक्रीटमध्ये गाडावी, म्हणजे खांब वर उपसला जाणार नाही. दोन खांबांमध्ये तिरक्या पट्ट्यांची कैची हवीच. लाकूड कुजते ते बहुधा पाण्याच्या रेषेवर, जेथे ते रोज भिजते आणि रोज सुकते. तेवढ्या पट्ट्याला तेलाचे दोन हात अधिक द्यावेत.

फळ्या या वेळी चार सुट्या तुकड्यांत बसवायच्या आहेत. प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ५ फूट, खाली दोन आडव्या पट्ट्या, चार कोपऱ्यांना चार बोल्ट आणि दोन फळ्यांमध्ये करंगळीएवढी फट. ही फट दिसायला वाईट दिसते, तरी सोडावीच. असा एक तुकडा साधारण ४० किलोचा होतो आणि दोघांना उचलून काठावर नेता येतो. क्रमांक रंगाने न घालता खालच्या बाजूला पटाशीने खाचा पाडाव्यात. मुंबईत पावसाची सरासरी तारीख ११ जून धरतात, पण तिच्यावर विसंबू नये. रोहिणी नक्षत्र लागण्याच्या आत, म्हणजे २५ मेपूर्वी, चारही तुकडे वर नेऊन शेडमध्ये ठेवावेत. दिवाळीनंतर परत लावावेत. ते काढायचे राहून गेले तर निदान बोल्टांनी धरून ठेवावे, म्हणून बोल्ट इतके जाड.

हत्यारांत गिरमिट, दोन पाने, ओळंबा, पाणसळ आणि पहार. बाकीची सुताराकडे असतात. कठडा, पायऱ्या, दोर बांधायची कडी ही कामे नंतर सवडीने. मुलांसाठी लाइफ जॅकेट मात्र पहिल्या दिवसापासून.

काम संपल्यावर आणि संध्याकाळची कर्जत-सीएसएमटी लोकल धरण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या चारही कोपऱ्यांखाली पहार घालून जोर लावून वर उचलून पाहावे. वर उभे राहून उड्या मारून पाहू नये, मागच्या वेळी आम्ही तेच केले होते. एकही कोपरा जरासा उचलला गेला, तर तो नट पुन्हा कसावा आणि पाना वाडीतच, शेडच्या दाराशी टांगून ठेवावा.