हॉकी अ‍ॅनालिटिक्समध्ये येताय? आधी अनुभवी सेंटर ओळखायला शिका

पहिला अहवाल लिहायला मिळतो तो स्टार खेळाडूवर नसतो. कॉनर बेडार्ड चांगला आहे हे सांगायला कुणालाच आपली गरज नसते. नव्या माणसाच्या टेबलावर येतो तो असा प्रश्न: संघ मोडून पुन्हा बांधायला घेतलाय, पोरं सगळी कोवळी आहेत आणि एक अनुभवी टू-वे सेंटर, म्हणजे हल्ला आणि बचाव दोन्ही करणारा मधला खेळाडू, मिळतोय. घ्यायचा का? एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये, हा माणूस तिशीच्या आसपासचा असतो, ज्युनियरमध्ये वीस वर्षांचा ओव्हरएज. प्रश्न तोच. नवे लोक इथेच चुकतात, कारण ते त्या माणसाच्या आकड्यांच्या ओळीत उत्तर शोधत बसतात.

मी कॅनडात संख्याशास्त्रात मास्टर्स करायला आले आणि शिकता शिकता हॉकीत शिरले. आता एका ज्युनियर संघासाठी व्हिडिओ कापते आणि आकडे लावते. भारतातून इथे शिकायला आलेली बरीच मुलं विचारतात की या कामात यायचं कसं, म्हणून हे लिहितेय. फेसऑफ (दोघांमध्ये पक, म्हणजे रबरी चकती, टाकून खेळ सुरू करणं), आयसिंग (आपल्या अर्ध्यातून पक थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे मारणं), पॉवर प्ले, कोर्सी (शॉट-प्रयत्नांचा हिशोब) हे तुम्हाला थोडंफार ठाऊक आहे असं धरून चालते.

आता तो सापळा. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मी स्वतः त्यात अडकले होते आणि माझ्यानंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला अडकताना पाहिलंय.

समजा, एनएचएलमधला अनुभवी सेंटर बर्फावर असताना एकूण शॉट-प्रयत्नांपैकी ४६ टक्के आपल्या संघाचे आहेत आणि वीस वर्षांच्या पोराच्या वेळी ५२ टक्के. नवा माणूस लिहून मोकळा होतो: म्हातारा उतरणीला लागलाय, पोरगा तयार आहे, त्यालाच वरच्या लाइनवर (एकत्र उतरणाऱ्या तीन फॉरवर्डच्या फळीत) घ्या. माझ्या तशाच अहवालावर कोचने एकच प्रश्न विचारला, "याच्या शिफ्ट सुरू कुठून होतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, कुठून सुरू होते, समोर कोण असतं आणि पायात किती दम उरलेला असतो, या तिन्ही गोष्टी त्या टक्केवारीत दिसत नाहीत. आपल्या गोलसमोर फेसऑफ असेल तर कोच अनुभवी सेंटरला पाठवतो. फेसऑफ हरला की पुढची वीस सेकंदं समोरचे शॉट मारतात आणि ते सगळे याच्या खात्यावर चढतात. घरच्या मैदानात शेवटचा बदल आपल्या हातात असतो, म्हणून समोरच्या संघाचा मॅकडेव्हिड किंवा मॅकिननसारखा स्टार उतरला की त्याच्यासमोर यालाच पाठवतात. पोरगा त्या वेळी बाकावर असतो. पुढे समोरची तिसरी लाइन आली आणि फेसऑफ त्यांच्या झोनमध्ये असला की पोराला सोडतात. त्याचे ५२ टक्के अशा जागेतून येतात. कसोटीत नवा चेंडू खेळून काढणाऱ्या सलामीवीराचा स्ट्राइक रेट पाचव्या क्रमांकाच्या फलंदाजाशी लावून कुणी निवड करत नाही, ही तीच गोष्ट आहे.

हे कळलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात, आणि तेही तितकंच चूक आहे. झोन-स्टार्टची टक्केवारी (कोणत्या झोनमधल्या फेसऑफने शिफ्ट सुरू होतात ती) बघायची आणि "कठीण मिनिटं खेळतो, म्हणून ४६ माफ" असं लिहायचं. असं करू नका. बहुतेक शिफ्ट फेसऑफने सुरू होतच नाहीत, चालू खेळात बदल करूनच होतात आणि त्या शिफ्ट झोन-स्टार्टमध्ये मोजल्याच जात नाहीत. शिवाय पूर्ण हंगामाची सरासरी काढली की प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जातला फरक बराच बोथट होतो. त्यामुळे झोन-स्टार्ट लावून चार-पाच टक्क्यांची सूट देऊन टाकणं म्हणजे दुसरा सापळा. काही अनुभवी सेंटर खरोखरच संपलेले असतात आणि तसं लिहायची हिंमत तुमच्यात हवी.

मग करायचं काय? चारही सेंटर एका पानावर मांडा. प्रत्येकाची आपल्या झोनमधली फेसऑफ, पेनल्टी किलची (आपला एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाची) मिनिटं, एका गोलची आघाडी असतानाची शेवटची पाच मिनिटं आणि समोरच्या पहिल्या लाइनविरुद्धचा वेळ. ही कामं एकूण तेवढीच राहतात. अनुभवी माणूस नसला तर ती नाहीशी होत नाहीत, कुणाच्या तरी अंगावर येतात. तुमच्या अहवालाचा खरा प्रश्न हा आहे की ती कुणाच्या अंगावर येणार. अनुभवी टू-वे सेंटरची किंमत बघायची तर त्या पोराची ओळ बघा: हा असताना पोराला काय खेळावं लागतं आणि हा नसताना काय. एनएचएलचे शिफ्ट चार्ट आणि प्ले-बाय-प्ले खुले आहेत, त्यामुळे हा तक्ता घरी बसून बनवता येतो.

बफेलोचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. २०१७-१८ मध्ये त्यांचा संघ सेबर्स एनएचएलमध्ये शेवटचा आला. त्या हंगामात लीगमधले सर्वांत जास्त फेसऑफ जिंकणारा रायन ओ'रायली त्यांच्याकडेच होता. १ जुलै २०१८ ला त्यांनी त्याला सेंट लुईसला दिलं. पुढच्या उन्हाळ्यात सेंट लुईसच्या ब्लूजनी लीगचं विजेतेपद, स्टॅनली कप, जिंकला, ओ'रायलीला प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ मिळाली आणि सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्डची सेल्कीही. इकडे बफेलोत केसी मिटलस्टॅट हंगामाच्या सुरुवातीला १९ वर्षांचा होता आणि पहिला सेंटर जॅक आयकलच्या मागे दुसऱ्या सेंटरची जबाबदारी त्याच्याकडे गेली. ७७ सामन्यांत २५ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून). नोव्हेंबरमध्ये संघ सलग १० सामने जिंकला, नंतर घसरला तो घसरलाच. डिसेंबर २०१९ मध्ये मिटलस्टॅटला रॉचेस्टरला, खालच्या लीगमध्ये पाठवावं लागलं.

लोक या व्यवहाराचा हिशोब फक्त "कोण दिला, कोण आला" असा करतात. तसा केला तर आता बफेलोची बाजूही दिसते, कारण त्याच व्यवहारात आलेल्या टेज थॉम्पसनने २०२२-२३ मध्ये ४७ गोल केले. पण मिटलस्टॅटने त्या वयात जे ओझं उचललं ते त्या हिशोबात कुठेच लिहिलेलं नाही. तो पुढे सावरला, २०२२-२३ मध्ये ५९ गुणांपर्यंत गेला, आणि म्हणूनच वाटतं की ती मधली वर्षं वाया जायची गरज नव्हती.

एडमंटनचंही तसंच. २०१४-१५ ची सुरुवात त्यांनी १८ वर्षांच्या लिऑन ड्रायझायटलला मधल्या सेंटरपैकी एक करून केली. आपल्या झोनमधली जड कामं बॉइड गॉर्डन करत होता, पण वरच्या दोन लाइनमध्ये आधार द्यायला जुना सेंटर नव्हता. ड्रायझायटलचे ३७ सामन्यांत २ गोल झाले आणि त्याला परत ज्युनियरला पाठवलं. तिथे केलोनाकडून खेळून तो मेमोरियल कपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२० मध्ये त्याने लीगच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी जिंकली. पोरगा मुळात दमदार असेल तर एक वाईट हिवाळा त्याला संपवत नाही, हेही अहवालात लिहायला घाबरू नका. प्रत्येक पोराला कवचच लागतं असं नाही.

उलट बाजू बघायची तर मॉन्ट्रियल. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅल्गरीला वेतनमर्यादेत जागा करायची होती, म्हणून त्यांनी सेंटर शॉन मोनाहानला दिलं आणि वर ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांमधली) पहिल्या फेरीची एक निवडही दिली. त्याच्या कंबरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झालेल्या होत्या आणि पुष्कळांनी त्याला मोडीत काढलं होतं. मॉन्ट्रियल नुकतंच ५५ गुणांवर शेवटचं आलेलं, पहिला सेंटर निक सुझुकी २३ व्या वर्षी कर्णधार झालेला. पहिल्या हंगामात मोनाहान दुखापतीमुळे २५ सामनेच खेळला. तरी संघाने त्याला एक वर्षासाठी ठेवलं. २०२३-२४ मध्ये त्याने तिथे ४९ सामन्यांत ३५ गुण केले आणि फेब्रुवारीत विनिपेगने त्याच्यासाठी पहिल्या फेरीची निवड मोजली. ती निवड पुढे करून मॉन्ट्रियल २१ व्या क्रमांकावर सरकलं आणि मायकल हेज हा सेंटर घेतला. कॅल्गरीकडून आलेली निवड २०२५ मध्ये १६ वी निघाली आणि नोआ डॉब्सनला आणणाऱ्या व्यवहारात गेली.

आता नीट बघा. संघ बांधताना असा माणूस दोनदा कामाला येतो. आधी सुझुकीच्या मागची कामं उचलतो, मग त्याच्या बदल्यात पुढचा पोरगा मिळतो. मात्र हे जमलं ते करार छोटा होता म्हणून. तिशीतल्या सेंटरला लांबलचक करार देणाऱ्या संघाचं काम मिळालं तर शिफारस करताना हात आखडता घ्या. तीन वर्षांनी पोरं तयार होतात, तेव्हा हा जागा आणि पैसे दोन्ही अडवून बसलेला असतो.

मोनाहानने पुढे कोलंबसशी पाच वर्षांचा करार केला, वर्षाला ५५ लाख डॉलर. तिथे संघासमोर वेगळंच दुःख आलं: ज्याच्यासोबत तो पुन्हा खेळणार होता तो जॉनी गॉड्रो ऑगस्ट २०२४ मध्ये अपघातात गेला. त्या हंगामात मोनाहान ५४ सामन्यांत ५७ गुण करून चिकाटीसाठीच्या मास्टरटन ट्रॉफीचा मानकरी ठरला. जानेवारीत तो जखमी झाला तेव्हा अ‍ॅडम फँटिली वर सरकला आणि हंगाम ३१ गोलांवर संपवला. अर्धा हंगाम आधाराने खेळून मग वर गेलेला पोरगा आणि पहिल्या दिवसापासून वर टाकलेला पोरगा, हा फरक बघायचा असेल तर फँटिलीच्या त्या हंगामाच्या शिफ्ट काढून बघा.

आकडे झाले की व्हिडिओ. हायलाइट्स बघून टू-वे सेंटर कधीच कळणार नाही. तिथे तो दिसतच नाही, आणि जे बारा मिनिटांच्या कॅप्सूलवर अहवाल लिहितात त्यांचं काम मला पहिल्या परिच्छेदात ओळखू येतं. पूर्ण सामना लावा आणि पकवरून नजर काढून फक्त सेंटरवर ठेवा. डोळे पुन्हा पुन्हा पककडे धावतील, सुरुवातीला सगळ्यांचे धावतात.

दुसऱ्या पीरियडपासून सुरुवात करा. त्या पीरियडमध्ये बाजू बदलतात आणि आपला बाक आपल्या झोनपासून लांब पडतो, म्हणून दमलेल्या पाचांना बदलता येत नाही. आयसिंग झालं तर बदल करायची मुभाच नाही. अशा वेळी पोरगा काय करतो? फेसऑफ स्वच्छ जिंकायला जातो आणि हरला की पकच्या मागे धावतो. अनुभवी सेंटर बरेचदा जिंकायला जातच नाही. तो समोरच्याची काठी आपल्या काठीखाली दाबतो, खांदा त्याच्या छातीला लावतो आणि पक दोघांच्या स्केट्समध्ये अडकवून ठेवतो, तोवर विंगर आत येऊन तो उचलतो. निकालात ते कधी हरलेलं फेसऑफ म्हणून लागतं, कधी जिंकलेलं. पुढे पक कोपऱ्यात गेला की तो आपल्या डिफेन्समनच्या मागे कोपऱ्यात घुसत नाही, गोलसमोरच्या स्लॉटमध्ये काठी बर्फावर टेकवून उभा राहतो आणि दर दोन सेकंदांनी मान वळवून मागे कोण आहे ते बघतो. ही मान मोजा. मी खरंच मोजते. आणि पक हातात आला की तो सुंदर पास शोधत नाही, लाल रेषा ओलांडून पक आत खोल टाकतो आणि चौघांना बाकावर जाऊ देतो, स्वतः शेवटी जातो.

आता मार्गदर्शकांबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. "हा लॉकर रूममध्ये पोरांना शिकवेल" हे वाक्य अहवालात लिहू नका. शिकवतही असेल, पण ते तुम्ही पाहिलेलं नाही आणि त्याची किंमत तुम्हाला लावता येत नाही. पोरं शिकतात ती त्याच्या शेजारी बसून, त्याच्या शिफ्ट बघून. आपल्या कामातही मी हेच मानते. पैसे घेऊन महिन्यातून एकदा फोनवर "करिअर मेंटॉरिंग" देणाऱ्यांकडून मला काही मिळालं नाही. मिळालं ते एका निवृत्त कोचकडून. त्यांनी कधी एक्सेल उघडलं नव्हतं, पण माझ्या शेजारी बसून ते व्हिडिओ थांबवायचे आणि विचारायचे, "आता हा कुठे जाणार?" असा माणूस शोधा. रिंकवर सकाळच्या सरावाला असे लोक असतातच, आणि मनापासून विचारलं तर सांगतात.

स्पष्ट सांगते, नोकऱ्या थोड्या आहेत. एनएचएलमध्ये संघच ३२, आणि प्रत्येकाच्या अ‍ॅनालिटिक्स विभागात माणसं मोजकी. ज्युनियर संघात सुरुवातीला पैसे मिळत नाहीत, मिळाले तर पेट्रोलपुरते. स्टडी परमिटवर असाल तर कामाच्या तासांचे आणि बिनपगारी कामाचे नियम आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागात विचारून घ्या, ऐकीव सल्ल्यावर जाऊ नका. घरून फोन येतील, "एवढं शिकून हे काय?" त्या फोनला माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण लहानपणापासून स्केट न घातलेला माणूस इथे चालत नाही हे खोटं आहे. मी बर्फ पहिल्यांदा पाहिला तो इथे आल्यावर, आणि आता कोच माझ्या तक्त्यावरून लाइन बदलतात.

सुरुवात करायचीच तर २०२३-२४ चे मॉन्ट्रियलचे डिसेंबर-जानेवारीचे सामने घ्या, म्हणजे मोनाहान असतानाचे, आणि मग फेब्रुवारी-मार्चचे, तो गेल्यावरचे. सुझुकीची आपल्या झोनमधली फेसऑफ दोन्हीकडे मोजा, त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या सेंटरची. तक्ता हाताने बनवा, तयार डाउनलोड करू नका. दोन-तीन आठवडे लागतील. अर्ज करताना तोच तक्ता सोबत जोडा.