टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठी पेट्रोलमध्ये ऑइल कसे मिसळावे

ज्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनाला ऑइल आपोआप पुरवणारी यंत्रणा नसते, त्याच्या क्रँकशाफ्टच्या बेअरिंगना आणि पिस्टनला वंगण मिळते ते केवळ पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलातून. म्हणून हे मिश्रण कधीही अंदाजाने करू नये.

अनेक इंजिनांना 50:1 हे प्रमाण लागते, म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर, तर 20 लिटरच्या टाकीला 400 मिलिलिटर ऑइल. नवे इंजिन रुळेपर्यंत बहुधा 25:1, म्हणजे याच्या दुप्पट ऑइल घालतात. मात्र अखेरचा शब्द आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेचा मानावा. ऑइल कमी पडले की पिस्टन जाम होतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण थोडे जास्त घातलेले बरे, ही समजूतही चुकीची आहे, कारण त्याने स्पार्क प्लग काळा आणि ओलसर होतो, धूर वाढतो आणि पिस्टनच्या रिंगांवर कार्बन साचतो. डब्यावर 'टीसी-डब्ल्यू3' (TC-W3, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या ऑइलची खूण) असे लिहिलेलेच ऑइल घ्यावे. स्कूटरचे ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते; पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डला ते चालत नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती होडीच्या तळाशी साचून राहते, म्हणून सुटी टाकी किनाऱ्यावर उतरवून, जमिनीवर टेकवून आणि विडी-सिगारेटपासून दूर ठेवूनच भरावी. आधी चार-पाच लिटर पेट्रोल ओतावे, मग मापाने ऑइल घालावे. मापाच्या आतल्या बाजूला ऑइल चिकटून राहते, तेव्हा ते माप थोड्या पेट्रोलने विसळून तेही टाकीत घालावे. झाकण घट्ट लावून टाकी नीट हलवावी, मग उरलेले पेट्रोल भरावे, वर थोडी जागा मोकळी सोडावी आणि पुन्हा हलवावे.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते खाऱ्या हवेतील दमटपणा ओढून घेते. पाणी वाढले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. या थरात ऑइल जवळजवळ नसते, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच इंधन ओढते. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच मिश्रण करावे. फार दिवस ठेवलेले मिश्रण वापरण्याआधी टाकीच्या तळातून काढून काचेच्या बाटलीत घ्यावे आणि थोडा वेळ स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करावी आणि ताजे मिश्रण बनवावे.