शेपटी बघा, रंग नको

बार्शीत माझं शिलाई मशीन गच्चीच्या दाराशी आहे. सुई ओवून मान वर केली की समोर कठडा, शेजारच्यांची पाण्याची टाकी, पलीकडे बाभळी. हिवाळी पाहुणे पक्षी बघायला मला एवढं पुरतं.

ज्वारी-तांदूळ टाकून ते येत नाहीत. दाण्यावर पारवे जमतात आणि गच्ची आपल्याला धुवावी लागते. हे छोटे पाहुणे बहुतेक किडे खाणारे. तुम्ही फक्त दारात उभं न राहता चार हात आत बसा, रोज सकाळी त्याच अर्ध्या तासात.

आणि रंगावर जाऊ नका. पहिल्या वर्षी मी तिथंच फसले. ऑक्टोबरात टाकीवर काळा पक्षी बसला, खालून तांबूस. म्हटलं, आपला चिरक, बारा महिने असतोच. तीन आठवडे तसंच समजत होते. मग एकदा काजं करता करता नीट बघितलं. चिरक शेपटी उभी धरतो आणि तांबडेपणा फक्त तिच्या बुडाखाली. ह्याचं पोट अख्खं नारिंगी, आणि शेपटी थरथरतेय, मशीनची सुई चालावी तशी. थिरथिरा! नावातच सांगून ठेवलंय. मादी मातकट, पण शेपटी तशीच तांबूस आणि थरथरही तीच. धोबी पक्षी मात्र शेपटी वरखाली आपटतो, धुणं धुतल्यासारखी. म्हणून फोटोपेक्षा मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या.

नोंद कालनिर्णयच्या चौकटीत करा. आल्याचा दिवस सगळेच लिहितात, गेल्याचा हुकतो. शेवटचा दिवस शेवटचा आहे हे त्या दिवशी कुठं कळतं? मार्च लागला की दिसेल त्या दिवशी एक टिंब द्या. टिंबं थांबली, की शेवटच्या टिंबाची तारीख खरी.

भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, ओळखायला एवढी नजर लागत नाही. हुरड्याच्या दिवसांत संध्याकाळी थवा बाभळींवर उतरला की मशीनचा आवाज ऐकू येत नाही. मध्य आशियातून येतात, तिकडे म्हणे टोळ फस्त करतात. ज्वारीत गोफण घेऊन उभ्या असलेल्या माझ्या भावाला हे कौतुक सांगून बघा!

एप्रिलनंतर गच्ची ओकी. मग पावसाच्या तोंडावर चातक येतो: काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, लांब शेपटी. पण जूनमध्ये गणवेशांची घाई असते. तो मी नुसता ऐकते, ‘पिऊ, पिऊ’, आणि पाय न थांबवता खडूनं कालनिर्णयवर टिंब देते.