करंट शून्य दाखवतोय? मीटर फेकण्याआधी या चुका तपासा

दहावीच्या मुलांच्या हातात प्रॅक्टिकलला मल्टिमीटर दिला की अर्ध्या तासात एक हाक ठरलेली: "सर, मीटर बिघडेल शे!" (म्हणजे बिघडलाय). जळगाव असो की अमळनेर, हाक तीच. मीटर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. आतला फ्यूज उडालेला असतो, आणि उडवणारा पठ्ठ्या आधीच्या तासाला घरी गेलेला असतो.

होतं असं. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरमध्ये व्होल्ट आणि मिलिअँपिअर एकाच भोकातून मोजतात, फक्त डायल फिरवायची असते. करंट मोजून झाला, डायल तिथेच राहिली, आणि पोरानं दोन्ही टोकं थेट बॅटरीला लावली. करंटच्या रेंजवर मीटरचा रोध (करंटला होणारा अडथळा) अगदी कमी, म्हणजे बॅटरी जवळपास शॉर्टच. फ्यूज गेला. ओळखायची खूण सोपी आहे: व्होल्ट नीट येतात, पण करंट कुठेही जोडा, शून्यच. मागचं झाकण उघडा, फ्यूज दुसऱ्या मीटरनं तपासा आणि तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे महाभाग मी पाहिलेत. पुढच्या वेळी त्यांचा मीटरच जातो.

खरी गफलत मात्र जोडणीत होते. व्होल्टेज मोजताना सर्किटला हात लावायचा नाही, रेझिस्टरच्या दोन टोकांना नुसतं टेकवायचं. करंटसाठी सर्किट तोडावं लागतं आणि तुटलेल्या जागी मीटर बसवावा लागतो. पाटाचं पाणी मोजायचं तर ते मोजणीतूनच वाहिलं पाहिजे, तसं.

उदाहरण घ्या. ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहम आणि २.२ किलोओहमचे रेझिस्टर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक. करंट सुमारे २.८ मिलिअँपिअर, आणि व्होल्टेज सुमारे २.८ व ६.२. बेरीज ९. ही बेरीज दरवेळी करा, निम्म्या चुका तिथेच सापडतात. पहिल्या रेझिस्टरच्या आधी २.८१ आणि नंतर २.७९ आला की पोरं लिहितात, "थोडा करंट रेझिस्टरमध्ये खर्च झाला." खर्च काही होत नाही, सिरीजमध्ये करंट सगळीकडे एकच. तो फरक ढिल्या वायरचा किंवा उतरत्या बॅटरीचा.

आता मला एकदा स्वतःला चकवलेली गोष्ट. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, बॅटरी तीच. दोन्हींवर साडेचार-साडेचार यायला हवेत. आले तीन-तीन. तीन व्होल्ट गेले कुठे? मीटरचा स्वतःचा रोधही १ मेगाओहमच होता. तो ज्या रेझिस्टरला समांतर लागला त्याचा रोध अर्ध्यावर आला आणि वाटणी बदलली. १० मेगाओहमच्या मीटरनं तिथे ४.२९ दाखवले. म्हणून मोठे रेझिस्टर लावताना मीटरचा रोध आधी बघा. उलट बाजूनं, दीड व्होल्टच्या सेलला १० ओहम लावला तर करंट १५० मिलिअँपिअर यायला हवा, पण मीटरचा ओहमभर रोध मध्ये आला की १३६ च्या आसपास अडकतो.

आणखी एक: मीटरची आतली बॅटरी उतरली की आकडे फुगून येऊ शकतात. स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह दिसत असेल तर त्या रीडिंगवर भरोसा ठेवू नका. ओहमच्या रेंजवर चालू सर्किट मोजणं तर डोक्यातून काढूनच टाका.

केळीच्या बागायतीतली पोरं हमखास विचारतात, "सर, मोटारच्या स्टार्टरचा करंट यानं मोजू का?" अजिबात नाही. अशा बऱ्याच मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाखाली 'अनफ्यूज्ड' असं छापलेलं असतं, म्हणजे तिथे चूक झाली तर वाचवायला फ्यूजसुद्धा नाही. त्या कामाला इलेक्ट्रिशियन टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा बसणारा मीटर, आणतो आणि वायर न तोडताच मोजतो.